उमरखेडची हळद आणि उतारवयातली आठवण

यवतमाळ म्हटलं की कापूस. पण पैनगंगेच्या काठाने उमरखेड-महागावकडे गेलं की हळदीची हिरवीगार शेतं लागतात. खणायची, उकडायची, वाळवायची, मग ढोलात पॉलिश करायची. मेहनत काही कमी नाही.

हळकुंडाला पिवळेपण देणारं कर्क्युमिन मेंदूतल्या पेशींना जपतं का, यावर बरंच संशोधन झालंय. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात 50 ते 90 वयाच्या 40 जणांवर 18 महिने चाचणी झाली. 2018 मधल्या निष्कर्षानुसार रोज दोनदा 90 मिलिग्रॅम कर्क्युमिन घेणाऱ्यांची स्मरणशक्ती सुधारली. मात्र ते सहज शोषलं जावं म्हणून खास बनवलेलं होतं. शिवाय माणसं अवघी 40! अल्झायमर जडलेल्यांवरच्या 2012 मधल्या चाचणीत तर फायदा दिसलाच नाही.

साधं कर्क्युमिन रक्तात फारच कमी उतरतं. मिऱ्यातलं पायपरीन ते प्रमाण वाढवतं, हे बेंगळुरूच्या संशोधकांनी 1998 मध्ये दाखवलं.

वरणातली हळद खुशाल खा. कॅप्सूलचं मात्र वेगळं: रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि आजी-आजोबा वारंवार विसरू लागले, तर हळदीच्या दुधावर न थांबता त्यांची तपासणी करून घ्या.