डिनरला गिटार, पगार डॉलरमध्ये

समोर निळंशार पाणी, पायाखाली पांढरी वाळू, सूर्य बुडायच्या बेतात आणि तुम्ही गिटारवर एखादं संथ गाणं छेडताय. वर त्याचे पैसे, तेही डॉलरमध्ये! फ्रायडे नाइटला बाणेर किंवा अंधेरीच्या पबमध्ये हौसेने गाणाऱ्या आणि सोमवारी सकाळी पुन्हा क्युबिकलमध्ये जाऊन बसणाऱ्या अनेकांच्या डोक्यात हे चित्र कधी ना कधी येतंच. गंमत म्हणजे ते खोटं नाही. मालदीवच्या रिसॉर्टमध्ये असं काम खरोखर मिळतं. फक्त राजीनाम्याचा मेल टाइप करण्याआधी, ते कसं मिळतं आणि कशावर अडतं, हे माहीत असलेलं बरं.

मालदीवच का? एक तर मुंबईहून विमानाने तीनेक तासांत माले. आणि दुसरं म्हणजे तिथली 'एक बेट, एक रिसॉर्ट' ही पद्धत. १९७२ मध्ये कुरुंबा हे पहिलं रिसॉर्ट सुरू झालं, आज दीडशेहून जास्त आहेत. पाहुणा एकदा बेटावर उतरला की संध्याकाळी त्याला जायला दुसरी जागा नाही. मॉल नाही, मल्टिप्लेक्स नाही, कोपऱ्यावरचा ढाबाही नाही. त्यामुळे रात्रीची करमणूक रिसॉर्टलाच पुरवावी लागते. कधी डीजे, कधी स्थानिक बोडुबेरूचे ढोल, आणि बऱ्याच ठिकाणी एखादा ड्युओ किंवा ट्रायो. आपली जागा ती.

हे कॉन्सर्ट नव्हे, बॉस!

तुम्हाला कामावर घेणारा माणूस बहुतेक वेळा संगीतातला नसतो. तो फूड अँड बेव्हरेज मॅनेजर असतो, फार तर एंटरटेनमेंट मॅनेजर. पाहुण्याने अजून थोडा वेळ बसावं, अजून एक ड्रिंक मागवावं आणि तरी समोरासमोर बसलेल्या जोडप्याला एकमेकांचं बोलणं ऐकू यावं, एवढीच त्याची अपेक्षा. साधारण ४५ मिनिटांचे दोन-तीन सेट, आठवड्यातल्या सहा रात्री. टाळ्या पडल्या तर पडल्या. ज्याला गाताना समोरच्यांनी कॉफीची ऑर्डर दिलेली खपत नाही, त्याने हा नाद सोडावा. हे मी टोमणा म्हणून लिहीत नाही, कित्येक उत्तम कलाकारांचा हा पिंडच नसतो.

ड्युओंना मागणी असते, कारण हिशोब सोपा आहे. दोन माणसं, दोन तिकिटं, एक-दोन खोल्या, आणि ड्रमरचं काम बॅकिंग ट्रॅकवर. कॉलेजपासूनचा पाच जणांचा बँड जसाच्या तसा न्यायचा असेल तर पाचांचा खर्च रिसॉर्टने का करावा, याचं उत्तर तयार ठेवा.

खरी परीक्षा असते रेपर्टॉयरची. एकाच संध्याकाळी जर्मन, ब्रिटिश, रशियन, चिनी आणि भारतीय पाहुणे समोर असू शकतात. सत्तरच्या दशकातले रॉक क्लासिक्स, थोडं जॅझ, थोडं लॅटिन, यंदाची पॉप हिट्स आणि चार हिंदी, असा शंभर-सव्वाशे गाण्यांचा साठा हवा. नुसत्या हिंदीच्या भरवशावर राहू नका. २०२३ मध्ये मालदीवला जाणाऱ्यांत भारतीय पहिल्या क्रमांकावर होते. जानेवारी २०२४ मध्ये सोशल मीडियावरून वाद पेटला आणि त्या वर्षी आपण बरेच खाली घसरलो. स्वतःच्या रचना? आठवड्यातून एखादी, तीही हळूच!

या कामात तुमची गाठ पडेल फिलिपिनो बँडशी. आशियातल्या हॉटेलांमध्ये त्यांचा दबदबा जुना आहे. पण आपल्याकडेही वारसा आहेच की. गोव्याच्या चर्चच्या शाळांमध्ये नोटेशन वाचायला शिकलेल्या वादकांनी मुंबईची हॉटेलं गाजवली, बोटींवर वाजवलं, सिनेमाचे ऑर्केस्ट्रे उभे केले. ताजमध्ये ट्रंपेट वाजवणारे चिक चॉकलेट म्हणजे मूळचे गोव्याचे अँटोनियो झेवियर वाझ. कुठलंही गाणं समोर आलं तरी रात्रभर वाजवायची तयारी, हीच या मंडळींची पुंजी. रिसॉर्ट आजही त्याचेच पैसे मोजतं.

व्हिडिओ आणि व्हिसा

अर्ज म्हणजे मुख्यतः व्हिडिओ. स्टुडिओत घासूनपुसून केलेला नको, एका टेकमध्ये लाइव्ह शूट केलेला, चेहरे आणि हात दिसणारा. तीन-चार वेगळ्या धाटणीच्या गाण्यांचे तुकडे पुरे. सोबत गाण्यांची यादी आणि नीट कपड्यांतले फोटो. काही रिसॉर्ट थेट घेतात, काही एजन्सीमार्फत. एजन्सीचं कमिशन ठीक, पण काम मिळायच्या आधीच 'रजिस्ट्रेशन'चे पैसे मागणाऱ्याला नमस्कार करा. भारतातला एजंट असेल तर त्याची नोंदणी परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर तपासता येते.

आता सगळ्यात नाजूक मुद्दा. २०१९ पासून भारतीयांना मालदीवमध्ये पर्यटनासाठी ९० दिवस व्हिसा लागत नाही. आणि अशी काँट्रॅक्टं बऱ्याचदा असतात तीन महिन्यांची. लक्षात आलं? 'आधी टुरिस्ट म्हणून या, परमिटचं नंतर बघू' हे वाक्य इथेच जन्माला येतं. टुरिस्ट म्हणून शिरून पगारी काम करणं बेकायदा आहे. पकडलं गेलात तर परतीचं विमान. आणि नाही पकडलं गेलात तर जास्त पंचाईत, कारण पगार अडकला तर तक्रार कुठल्या तोंडाने करणार? वर्क परमिटची मंजुरी हातात आल्याशिवाय विमानात बसू नका. काँट्रॅक्ट कितीही देखणं असो.

त्या काँट्रॅक्टमध्ये बघायचं ते आकड्याच्या पलीकडचं. खोली एकट्याची की शेअरिंग? जेवण स्टाफ कँटीनमध्ये की पाहुण्यांसोबत? बीचवर फिरायची मुभा आहे का? मेडिकल इन्शुरन्स? आणि मध्येच काम थांबलं तर परतीचं तिकीट कोणाचं? मार्च २०२० मध्ये मालदीवने सीमा बंद केल्या त्या थेट १५ जुलैला उघडल्या, तेव्हा हे कलम किती महत्त्वाचं आहे ते कळलं. अजून एक, टॅक्स. आर्थिक वर्षात १८२ किंवा जास्त दिवस तुम्ही भारतात असाल तर सर्वसाधारणपणे तुम्ही इथले रहिवासी, आणि तिकडची कमाईही इथल्या रिटर्नमध्ये दाखवायची. एका तीन महिन्यांच्या फेरीने कोणी एनआरआय होत नाही!

पॅकिंग करतानाही डोकं लावा. लांबच्या बेटांवर सीप्लेनने जावं लागतं, तिथे साधारण २० किलो सामान आणि वर ५ किलोची हँडबॅग. अँप न्यायचा विचार सोडा, रिसॉर्टकडे काय साउंड सिस्टीम आहे ते आधी विचारा. खाऱ्या हवेत तारा झपाट्याने गंजतात, जास्तीचे सेट घ्या. गिटार महागडी असेल तर जाताना इथल्या कस्टम्सकडून एक्स्पोर्ट सर्टिफिकेट घ्या, नाहीतर परतताना स्वतःच्याच गिटारवर ड्युटीचा वाद. आणि आईने बॅगेत सरकवलेली गणपतीची मूर्ती घरीच ठेवा. पूजेच्या मूर्ती आणायला तिथे बंदी आहे, आणि कस्टम्सवाले याबाबत हसून सोडत नाहीत.

सीझन साधारण नोव्हेंबर ते एप्रिल, त्यातही ख्रिसमस ते न्यू इयर हा सगळ्यात तेजीचा काळ. तो गाठायचा असेल तर परमिटला लागणारा वेळ धरून, निदान गणपतीच्या आसपास तरी व्हिडिओ रवाना झालेला हवा.