शंभर किलोवॅटच्या अलीकडे

ऊर्जा संवर्धन कायदा संसदेने 2001 साली केला. त्याच्या आधारे 2007 मध्ये इमारतींसाठी संहिता आली. भिंती, छप्पर, खिडक्या, दिवे कसे असावेत हे ती सांगते. स्थानिक हवामानानुसार तिच्यात बदल करण्याचा अधिकार राज्याला आहे; महाराष्ट्रात हे काम ‘महाऊर्जा’ पाहते. मात्र कायद्याची नजर 100 किलोवॅट जोडभाराच्या मोठ्या इमारतींवर.

आता विंझरसारख्या गावातली शाळा घेऊ. समजा, दहा वर्ग. प्रत्येकात 75 वॅटचे दोन पंखे आणि चोकसह सुमारे 50 वॅट खाणाऱ्या दोन जुन्या ट्यूब. बेरीज 2500 वॅट, म्हणजे मर्यादेचा चाळिसावा भाग! 2022 च्या दुरुस्तीने मर्यादा खाली आणण्याची मुभा राज्यांना मिळाली, पण ती इतकी खाली येईल असे आम्हांला वाटत नाही.

दुकानातून मात्र कायदा शाळेत शिरतो. छताच्या पंख्यांवर 2023 पासून तारांकन सक्तीचे आहे. 30 वॅटचे वीस पंखे बसवले तर 900 वॅट वाचतात. पाच तासांत साडेचार युनिट.

पत्र्याच्या छपराला तारे नसतात. अर्ध्या छपराला चुना लावून दोन्हींखालचे तापमान मुलांना मोजू द्यावे. हे मार्चमध्ये करावे. वेल्ह्याच्या पावसात चुना टिकायचा नाही.