पेरूच्या फांदीचा भोवरा

गोव्यातल्या शिरगावची लईराई देवीची जत्रा वैशाख शुद्ध पंचमीला भरते. अशा जत्रांच्या फेरीत, म्हणजे बाजारात, मिळणारा, कातून लाखेने रंगवलेला भोवरा सगळ्या बाजूंनी सारखा असतो. तो पहिल्याच फेकीला फिरतो. कोयत्याने तासलेला पेरूच्या फांदीचा भोवरा तसा नसतो. मला त्याचेच मोल अधिक वाटते, कारण तो मुलाला स्वतः दुरुस्त करावा लागतो.

आर, म्हणजे खालचा खिळा, नेमकी मधोमध बसली नाही तर काय होते? भोवऱ्याचा वस्तुमानमध्य आसापासून फक्त 1 मिलिमीटर सरकला आहे आणि भोवरा सेकंदाला 50 फेऱ्या घेतो आहे, असे धरू. त्याला बाहेर खेचणारी ओढ त्याच्या वजनाच्या सुमारे दहापट भरते आणि तिची दिशा फेरीबरोबर फिरत राहते. बेढब भोवरा अंगणभर उड्या मारतो तो यामुळे. डोके आणि आर बोटांत सैल, आडवी धरली की जड बाजू आपोआप खाली येते. तिथले लाकूड किंचित तासायचे, पुन्हा फिरवून पाहायचे.

दोरीची करामत तर याहून सुंदर. ती आरेपासून वर पोटापर्यंत गुंडाळतात. फेकताना ती आधी रुंद पोटावरून सुटते. तिथे ओढीला जोर मिळतो आणि थांबलेला भोवरा हलतो. शेवटी ती निमुळत्या टोकाशी येते, तेव्हा एका फेरीला थोडीच दोरी लागते. पोटाची त्रिज्या अडीच सेंटिमीटर आणि टोकाजवळची पाऊण असेल, तर दोरीच्या त्याच वेगाला फेऱ्या तिपटीहून अधिक. सायकलचे गिअर बदलत जावेत तसे हे घडते, एका निमिषात.

फिरणारा भोवरा भौतिकशास्त्रज्ञांनाही भुलवतो. 1951 साली स्वीडनमधल्या लुंड इथे नील्स बोर आणि वोल्फगांग पाउली हे नोबेलविजेते वाकून एक भोवरा निरखत होते; ते छायाचित्र प्रसिद्ध आहे. तो भोवरा फिरता फिरता उलटून दांड्यावर उभा राहायचा. त्याला उलटवते ते जमिनीचे घर्षण. आपला तिरपा पडलेला भोवराही घर्षणामुळेच सरळ होतो, पण त्यासाठी आरेचे टोक गोलसर हवे. दुसऱ्याच्या भोवऱ्यावर घाव घालायचा असेल तर अणकुचीदार आर बरी. बराच वेळ ताठ फिरवायचा असेल, तर ती चिऱ्यावर थोडी घासून घ्यावी.