गोल्फची पुस्तके: कुठवर उपयोगी?
रायगडमधील खारघर येथे सिडकोने उभारलेल्या गोल्फ मैदानावर उतरणाऱ्या नवख्याला बेन होगन यांचे ‘फाइव्ह लेसन्स’ (१९५७) किंवा होमर केली यांचे ‘द गोल्फिंग मशीन’ (१९६९) हमखास भुरळ घालते, कारण त्यांत स्विंग, म्हणजे काठी फिरवण्याची संपूर्ण क्रिया, यंत्रासारखी सुटी करून मांडलेली आहे. पकड आणि उभे राहण्याची ठेवण पुस्तकातून निश्चित शिकता येते. परंतु काठी खाली येण्यास सेकंदाचा जेमतेम पाव भाग लागत असल्याने त्या अवधीत मनगट, कोपर, खांदा आठवत बसणे अशक्यच ठरते. गाब्रिएले वुल्फ व सहकाऱ्यांच्या १९९९मधील प्रयोगातही हातांऐवजी काठीच्या हालचालीवर लक्ष ठेवणाऱ्या नवशिक्यांचे फटके अधिक अचूक ठरले. केलींचा क्लिष्ट ग्रंथ प्रशिक्षकाने जरूर अभ्यासावा; नवशिक्याने तूर्त होगनवर भागवावे.