मेणातून उमटणारी तारा

नेपाळमधील पाटण, म्हणजेच ललितपूर, येथील नेवार समाजातले शाक्य कारागीर ध्यानासाठी आणि देवघरासाठी तांब्याच्या बौद्ध मूर्ती घडवतात. मूर्ती आधी मेणात आकार घेते. तिच्यावर शेण-मातीचा बारीक लेप, मग भाताचे तूस कालवलेल्या मातीचे जाड थर चढतात. साचा वाळला की तापवून मेण काढतात आणि पोकळीत तांब्याचा रस ओततात. निवल्यावर साचा फोडावाच लागतो, म्हणून एका साच्यातून एकच मूर्ती निघते. खरा कस लागतो तो पुढच्या छिन्नीकामात. हरित तारा या बौद्ध देवीच्या वस्त्रावरची वेलबुट्टी, खाली सोडलेल्या उजव्या पावलाची बोटे, वरदमुद्रेतला तळहात हे सारे तिथेच जिवंत होते. पारंपरिक मुलाम्यासाठी सोने पाऱ्यात कालवून लावतात आणि आचेवर पारा उडवतात. ती वाफ विषारी असते. या झळाळीची किंमत कारागिराच्या शरीराला मोजावी लागते, हे विसरता कामा नये.

पूजेत बसवण्यापूर्वी पोकळ मूर्तीत मंत्रांच्या गुंडाळ्या भरून तळ तांब्याच्या पत्र्याने बंद करतात. पत्र्यावर बहुधा विश्ववज्र, म्हणजे एकमेकांना छेदणाऱ्या दोन वज्रांचे चिन्ह, कोरलेले असते. नेवारांच्या या शिल्पपरंपरेची कीर्ती फार पूर्वीच दूरवर गेली होती: नेवार शिल्पी अरनिको 13व्या शतकात कुब्लाई खानाच्या दरबारी पोहोचला. बीजिंगचा श्वेत स्तूप त्याचाच.