जुनी पल्सर 220 घेताय? 2007 ची ‘एफआय’ की 2009 नंतरची कार्ब्युरेटरवाली?



मागच्या सुट्टीत नगरला गेलो होतो. (कागदावर आता अहिल्यानगर झालंय, पण आमच्या तोंडात अजून नगरच येतं.) जेवण झाल्याबरोबर आतेभावाने मोबाईल पुढे केला. स्क्रीनवर विकायला काढलेल्या दोन पल्सर 220. दोन्ही काळ्या, दोन्ही एमएच-16, किमतीत थोडासाच फरक. एक 2008 ची, दुसरी 2011 ची.

“दादा, तू इंजिनिअर आहेस ना? सांग, कोणती घेऊ?”

मी सॉफ्टवेअरवाला, तरी या प्रश्नाचं उत्तर आमच्या घरात बरीच वर्षं शोधणं चालू आहे. माझ्या मोठ्या भावाकडे 2008 ची एफआय आहे. त्याच्या मित्राकडे 2010 ची कार्ब्युरेटरवाली. दोघे चहाच्या टपरीवर बसले की “माझंच मॉडेल भारी” हा विषय निघतोच. दोघांचेही मुद्दे खरे आहेत, म्हणून तर वाद मिटत नाही. आज तो नीट समजून घेऊ.

आधी नावाचा घोळ सोडवू

पुण्याजवळच्या बजाजने पल्सर बाजारात आणली 2001 मध्ये, 150 आणि 180 सीसीची. 2007 मध्ये आली पल्सर 220 डीटीएस-एफआय. यातल्या ‘एफआय’चा अर्थ फ्युएल इंजेक्शन. त्या काळात आपल्याकडच्या बाईकमध्ये हे फारच नवीन होतं. आदल्याच वर्षी हिरो होंडाची ग्लॅमर एफआय आली होती, तेवढीच काय ती ओळख.

2009 मध्ये कंपनीने तीच 220 पुन्हा आणली, पण इंजेक्शन काढून कार्ब्युरेटर बसवून. नाव झालं 220 डीटीएस-आय. जाहिरातीत तिला ‘द फास्टेस्ट इंडियन’ म्हटलं होतं, ते अनेकांना आठवत असेल.

गोंधळ इथे होतो. पुढे याच गाडीला ‘220 एफ’ म्हणायला लागले. हा ‘एफ’ फेअरिंगचा, म्हणजे पुढच्या कवचाचा. इंजेक्शनशी त्याचा संबंध नाही. जुन्या गाड्यांच्या जाहिरातीत कुणी “220 एफ आहे, म्हणजे एफआय” असं सांगत असेल तर एकतर त्याला माहीत नाही, किंवा तुम्हाला माहीत नसेल असं त्याला वाटतंय.

कार्ब्युरेटर आणि एफआय, फरक काय?

इंजिनला पेट्रोल आणि हवा ठराविक प्रमाणात लागते. पूर्ण जळण्यासाठी 1 किलो पेट्रोलला साधारण 14.7 किलो हवा. हे प्रमाण कोण सांभाळणार, एवढाच खरा फरक.

कार्ब्युरेटरमध्ये हवा एका अरुंद गळ्यातून जोरात जाते. तिथे दाब कमी होतो आणि खालच्या वाटीतलं पेट्रोल बारीक छिद्रातून, म्हणजे जेटमधून, वर ओढलं जातं. ना सेन्सर, ना प्रोग्राम. 220 च्या कार्ब्युरेटरमध्ये एक रबरी पडदा असतो, तो इंजिनच्या ओढीप्रमाणे वर-खाली होतो. सगळा हिशोब भौतिकशास्त्र करतं.

एफआयमध्ये पंप पेट्रोलला दाब देतो आणि इंजेक्टर नावाची छोटी इलेक्ट्रिक तोटी ते फवारते. तोटी किती वेळ उघडी ठेवायची हे ठरवतो ईसीयू, म्हणजे गाडीतला छोटा कॉम्प्युटर. थ्रॉटल किती पिळलाय, इंजिन किती गरम आहे, हवेचा दाब किती, हे सेन्सर सांगतात. ईसीयू आपल्या साठवलेल्या तक्त्यात बघतो आणि वेळ ठरवतो.

हे किती पटापट होतं बघा. 8500 आरपीएमला फोर-स्ट्रोक इंजिन मिनिटाला 4250 वेळा पेट्रोल घेतं. म्हणजे सेकंदाला सुमारे 70 वेळा! प्रत्येक वेळी ईसीयूकडे जेमतेम 14 मिलिसेकंद असतात. आम्ही ऑफिसात ज्या सर्व्हरच्या वेगाचं कौतुक करतो, त्यापेक्षा हे छोटं खोकं जास्त शिस्तीत चालतं.

मग जुनं तंत्रज्ञान परत का आणलं?

एफआयचे भाग महाग होते. कार्ब्युरेटर आल्यावर गाडीची किंमत उतरली आणि ताकद कमी होण्याऐवजी किंचित वाढली, 20 च्या आसपासवरून 21 पीएसवर. “मग एफआयचा उपयोग काय?” हा भावाच्या मित्राचा आवडता टोमणा इथूनच आला.

भावाचं उत्तरही ठरलेलं: “थंडीत पहिल्या बटणाला सुरू होते, आणि थ्रॉटल पिळला की अडखळत नाही.” तेही खरं आहे. उंचावर हवा विरळ होते, तिथे ईसीयू पेट्रोल आपोआप कमी करतो. कार्ब्युरेटरला ते तितकं जमत नाही. लडाखला हा फरक जाणवतो. पण आपण रोज करंजी घाट किंवा इमामपूर घाट चढतो, त्या उंचीला तो जाणवतही नाही. आपल्या जिल्ह्यात राज्यातलं सर्वात उंच शिखर आहे, 1646 मीटरचं कळसूबाई, पण तिथे कुणी बाईक नेत नाही!

आमच्या पडवीतली गाडी

आता खरी गोष्ट. लॉकडाऊनमध्ये भावाची एफआय महिनोन्‌महिने पडवीत उभी होती. उंदरांनी वायरिंग कुरतडलं. चूक आमचीच, झाकून ठेवली होती पण कधी बघितलीच नाही. बॅटरीही मेली. गल्लीतले मेकॅनिक काका हाताला चांगले आहेत. त्यांनी वायरी जोडल्या, नवीन बॅटरी टाकली. पंपाचा आवाज येतो, गाडी सुरू होत नाही. कोणता सेन्सर बोलत नाहीये हे वाचायला त्यांच्याकडे साधन नाही. शेवटी ते म्हणाले, “कार्ब्युरेटर बसवून देतो, दोन दिवसांत पळेल.”

भाऊ तयार झाला नाही. पहिल्या पगाराच्या हप्त्यांवर घेतलेली गाडी. “एफआय काढली तर ती माझी गाडी राहत नाही,” म्हणाला. गाडी अजून तिथेच उभी आहे. दर दिवाळीला तो धुतो, हार घालतो आणि पुन्हा झाकून ठेवतो.

मला त्या दिवशी कळलं की आम्ही इतकी वर्षं चुकीचा प्रश्न विचारत होतो. कोणतं तंत्रज्ञान भारी, यापेक्षा ते बिघडलं तर आपल्या गावात कोण दुरुस्त करणार, हा प्रश्न मोठा. फोनचं असंच असतं ना? कॅमेरा कितीही भारी असला तरी डिस्प्ले मिळत नसेल आणि अपडेट बंद झाले असतील, तर तो फोन काय कामाचा?

2007 ची एफआय जेमतेम दोन वर्षं विकली गेली. त्यामुळे तिचे ईसीयू, सेन्सर, पंप शोधावे लागतात. कार्ब्युरेटरवाली 2009 पासून 2020 पर्यंत, जवळपास अकरा वर्षं चालली. तिचा भाग तालुक्याच्या गावातही मिळण्याची शक्यता जास्त.

पण वादात ब्रेक कुणी काढतच नाही

टपरीवर पिकअप निघतो, अॅव्हरेज निघतं, ब्रेक निघत नाही. 2007 असो की 2009, दोन्हींत एबीएस नाही. ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक दाबला तर चाक लॉक होऊन गाडी घसरू शकते. 125 सीसीच्या वरच्या बाईकना एबीएस सक्तीचं झालं 1 एप्रिल 2019 पासून. मग 1 एप्रिल 2020 ला बीएस-6 आलं आणि त्यासाठी 220 मध्ये इंजेक्शन परत आलं. म्हणजे एफआय हरली नव्हती, लवकर आली होती!

यातून एक मजेशीर गोष्ट निघते. 2019 ते 2020 च्या सुरुवातीपर्यंतच्या 220 मध्ये पुढच्या चाकाला एबीएस आहे आणि कार्ब्युरेटरही आहे. रोज चालवायला जुनी 220 हवी असेल तर माझं मत याच गाडीला.

घेण्याआधी हे तपासा

- आरसीवर उत्पादनाचा महिना-वर्ष बघा. नोंदणीचं वर्ष वेगळं असू शकतं.
- खाजगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची असते. 2008 ची आणि 2011 ची, दोन्हींची मुदत कदाचित संपलेली असेल. पुनर्नोंदणी झाली आहे का, पर्यावरण कर भरलाय का, आणि नवीन हाय सिक्युरिटी नंबर प्लेट बसवली आहे का, हे विचारा.
- चावी फिरवा. एफआय असेल तर पंपाचा एक-दोन सेकंद बारीक आवाज येतो. कार्ब्युरेटर असेल तर टाकीखाली, इंजिनच्या मागे त्याची वाटी दिसते.
- 220 ला किक नाही. बॅटरी कमजोर झाली तर कार्ब्युरेटरवाली ढकलून सुरू होण्याची शक्यता तरी असते, एफआयला आधी पंपासाठी वीज लागते.
- आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल असतं. जुन्या गाडीचे रबरी पाईप, सील आणि टाकीतला गंज बघून घ्या. कार्ब्युरेटर असेल तर मिश्रण पुन्हा सेट करून घ्या.
- गाडी घेण्याआधी तुमच्या मेकॅनिकला दाखवा, आणि “ही तुम्हाला जमेल का?” हे स्पष्ट विचारा.

आतेभावाने दोन्ही जाहिराती सोडून दिल्या. दोन महिने थांबून आणखी थोडे पैसे जमवतो म्हणाला, 2019 ची बघायची आहे.

आणि भावाची एफआय? तिचा ईसीयू आणि सेन्सर मी मल्टिमीटर घेऊन एकेक करून तपासायला लागलोय. थ्रॉटलचा सेन्सर बरोबर व्होल्टेज देतोय, म्हणजे एक संशयित कमी झाला. गाडी सुरू झाली की पहिली चक्कर करंजी घाटात, आणि पुढे भावाच्या मित्राची कार्ब्युरेटरवाली असेल.