पाषाणांतील पराग

गडचिरोली जिल्ह्यांतील सूरजागडच्या डोंगरावर दरवर्षीं झाडें मोहरतात, परागांची धूळ वाऱ्यावर उडते. परंतु त्याच डोंगराच्या लोहमय खडकांत फुलझाडाच्या परागाचा एक कणहि सांपडावयाचा नाहीं. ते खडक दोनशें कोटि वर्षांहूनहि जुने. त्या काळीं जमिनीवर झाड म्हणून नव्हतेंच.

शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यांत, वर्धेच्या खोऱ्यांतील कोळशाच्या थरांत मात्र पराग विपुल आहेत. परागाचें कवच विलक्षण चिवट असतें. कोळशालगतचा खडक हायड्रोफ्लोरिक आम्लांत घातला, तर दगड विरघळतो, कवच उरतें. सूक्ष्मदर्शकाखालीं त्यांतील पुष्कळ कणांच्या दोन बाजूंस हवेच्या पिशव्या व अंगावर पट्टे दिसतात. हे पराग ग्लोसॉप्टेरिस कुळांतील लुप्त झाडांचे. त्यांवरून थराचा काळ २५ ते ३० कोटि वर्षांपूर्वींचा ठरतो. सोबत नेच्यांचे बीजाणू पुष्कळ असले, तर तेथें पाणथळ अरण्य होतें असें अनुमान निघतें.

एकट्या कणावर मात्र विसंबून चालत नाहीं. जुन्या खडकांतून वाहत आलेला पराग नव्या गाळांतहि जाऊन बसतो. म्हणून शेंकडों कण मोजून त्यांच्या समुदायावरून निर्णय देतात. दोन ठिकाणच्या विंधनांत लागलेला कोळशाचा थर एकच कीं निराळा, हें त्यावरून कळतें. तें चुकलें, तर पुढील खोदकाम वायां जातें. लखनौस बिरबल साहनी यांनीं १९४६ सालीं स्थापिलेल्या संस्थेंत हेंच शास्त्र अभ्यासिलें जातें.

कणांची साक्ष अशी पारखून घ्यावी लागते. कण न सांपडणें ही मात्र साक्षच नव्हे. अति उष्णतेनेंहि कवचें नष्ट होतात. म्हणून सूरजागडसारख्या प्राचीन खडकांचें वय किरणोत्सर्गी द्रव्यांच्या क्षयावरूनच काढावें लागतें.